पणजोबा उताऱ्यात सापडतात

श्राद्धाला बसलं की गुरुजी तीन नावं विचारतात : वडील, आजोबा, पणजोबा. पहिली दोन पटकन येतात. तिसऱ्या नावाला बहुतेक घरांत आतल्या खोलीतल्या आत्याबाईंना हाक मारावी लागते. पणजोबांचे वडील कोण, असं विचारलं तर आत्याबाईही हात टेकतात. घरची आठवण तिथे संपते.

पण बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगडाच्या कुशीत वसलेल्या येळ्ळूरसारख्या गावात ज्याच्या घरी पिढीजात जमीन आहे, त्याला हे चौथं नाव, कधीकधी पाचवंही, मिळू शकतं. ते सरकारी दप्तरात आहे. ज्या शिवारात बेळगावचा बासमती पिकतो, त्या शिवाराच्या एकेका तुकड्यावर कोण नांदलं, कोण कधी मेलं, कोणत्या भावाने कोणाकडे गहाण टाकलं आणि कोणाच्या पोरांनी ते सोडवलं, याचा हिशेब सरकारने शेतसाऱ्यासाठी ठेवला. आपली वंशावळ लिहून ठेवावी हा त्याचा हेतू कधीच नव्हता. पण सारा कोणाकडून वसूल करायचा हे ठरवायचं, तर मेलेल्याच्या जागी कोण आला हे लिहावंच लागतं. आपले पूर्वज या गरजेपोटी कागदावर उतरले.

अमेरिकेत असा शोध घेणं हा लाखो लोकांचा छंद आहे. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून उतरलेल्या लोकांच्या वंशजांची तिथे १८९७ पासून संस्था आहे, आणि तिचं सभासद व्हायचं तर एकेका पिढीचा कागद दाखवावा लागतो. वसाहतकाळातला पूर्वज तिथे मुख्यतः दोन जागी सापडतो, जमिनीच्या खतांत आणि मृत्युपत्रांत. व्हर्जिनियात १६१८ पासून स्वखर्चाने येणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन देण्याची पद्धत होती. त्यामुळे कोण कोणाला घेऊन आला, हे जमिनीच्या कागदातच उमटलं. म्हातारा मरताना मृत्युपत्र करून जाई. बायकोला घर, थोरल्याला शेत, लग्न झालेल्या मुलीला गाय. मुलीचं नाव नवऱ्याच्या आडनावासह लिहिलेलं असे. एवढ्या एका कागदावर अख्खं कुटुंब उभं राहतं.

ही पद्धत जशीच्या तशी येळ्ळूरला लावायला गेलं, तर पहिल्याच पायरीवर निराशा होते. कारण आपल्याकडच्या शेतकऱ्याने मृत्युपत्र केलेलंच नसतं.

मृत्युपत्र का नाही?

हा आळस नव्हता, कायदाच तसा होता. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात मुलाला वडिलार्जित जमिनीत जन्मतःच हक्क मिळतो. बाप त्या जमिनीचा कर्ता असतो, एकटा मालक नसतो. जे एकट्याचं नाही ते लिहून कसं देणार? एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा हिंदू माणसाला मिळाली ती १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने. त्याआधी मृत्युपत्र चाले ते मुख्यतः स्वकष्टार्जित मिळकतीपुरतं, म्हणजे व्यापारी, वकील, सावकार, नोकरदार अशांचं. शिवाय बेळगावसारख्या भागात १ जानेवारी १९२७ पूर्वी हिंदूचं तोंडी मृत्युपत्रही ग्राह्य धरलं जाई. त्या तारखेनंतर लेखी मृत्युपत्र आणि दोन साक्षीदार सगळीकडे सक्तीचे झाले.

म्हणून अमेरिकन माणूस जे काम मृत्युपत्राकडून करून घेतो, ते आपल्याकडे तीन वेगळे कागद करतात : वारस नोंद, वाटणी आणि दत्तकपत्र. या तिन्हींना बांधून ठेवणारा दोरा एकच, तो म्हणजे सर्व्हे नंबर.

माणसाच्या नावामागे धावणारा लवकर थकतो. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत असल्याने एकाच घरात एकाआड एक पिढीला तेच नाव येतं. एकाच आडनावाची पन्नास घरं एका गल्लीत असतात. जुन्या कागदात आडनाव कित्येकदा लिहिलेलंच नसतं. शेत मात्र जागचं हलत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी घालून दिलेल्या पद्धतीने या भागाची मोजणी झाली, प्रत्येक शेताला नंबर पडला, आणि तोच नंबर पुढे हिस्से पडत पडत आजच्या उताऱ्यावर आहे. मुंबई इलाखा गेला, मुंबई राज्य गेलं, १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ला त्या राज्याचं कर्नाटक झालं. कागदाची भाषा बदलली, कचेरीवरची पाटी बदलली, पण शेताचा नंबर राहिला. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी एकत्रीकरण योजनेने सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, त्यामुळे तिथे आधी जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालावा लागतो. येळ्ळूरकराला तेवढी कटकट नाही.

खालून वर, आजपासून मागे

सुरुवात आजच्या उताऱ्यापासून करायची. कर्नाटकात उताऱ्यांचं संगणकीकरण ‘भूमी’ योजनेत झालं. या उताऱ्याला आरटीसी म्हणतात, पहाणी म्हणतात, बेळगावकडचा मराठी माणूस नुसतं ‘उतारा’ म्हणतो. खातेदाराच्या नावाबरोबर त्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. कोणी त्याला एम. आर. नंबर म्हणतं, जुन्या कागदांत एम. ई. नंबर असतो. बहुतेक लोक उताऱ्यावर नाव आणि एकर-गुंठे बघून कागद घडी घालून ठेवतात. शोधकाने बघायचा तो हा क्रमांक. उतारा सांगतो की जमीन आज कोणाची आहे. ती त्याच्याकडे कशी आली, हे फेरफार सांगतो.

तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून त्या फेरफाराची नक्कल घ्यायची. तिच्यात आधीच्या खातेदाराचं नाव मिळतं. मग त्या नावाचा जुना हस्तलिखित उतारा, त्यावरचा त्याआधीचा फेरफार क्रमांक, त्याची नक्कल, असं एकेक पायरी मागे जायचं. मध्ये पायरी गाळायची नाही. गाळली की चुलत घराच्या वंशावळीत आपण कधी शिरलो ते कळतच नाही.

ही साखळी मागे कुठवर जाते? मुंबई सरकारने हक्कपत्रकाचा कायदा केला १९०३ साली, आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्या-तालुक्यातून हक्कपत्रकं तयार झाली. १९१३ साली तीच तरतूद जमीन महसूल कायद्यात घेतली गेली. म्हणजे साधारण १९१०च्या आसपास ज्याच्या नावे जमीन होती, तिथवर फेरफारांची अखंड माळ जाऊ शकते. तो माणूस तेव्हा पन्नाशीचा असेल, तर त्याचा जन्म १८६०च्या सुमाराचा. आणि त्याच्या नावापुढे त्याच्या बापाचं नाव असतं, म्हणजे आणखी एक पिढी पदरात पडली. आज चाळिशीत असलेल्या माणसाला एवढ्यावरच पणजोबांच्या पलीकडे जाता येतं.

१९५६ आधीचे कागद या भागात बहुधा मराठीत आहेत, त्यातले जुने मोडीत, आणि नंतरचे कन्नडमध्ये. मराठीतून कन्नडमध्ये आणि हस्ताक्षरातून संगणकावर जाताना नावांची रूपं थोडीफार बदलली आहेत. म्हणून नाव तंतोतंत जुळत नाही एवढ्यावरून नोंद सोडू नये. सर्व्हे नंबर, हिस्सा आणि क्षेत्र या तीन गोष्टी जुळल्या, तर माणूस तोच.

एक नोंद वाचून पाहू

जुन्या वारस नोंदी कशा असत, हे कळावं म्हणून एक नमुना तयार करू. नावं काल्पनिक आहेत, मजकुराची धाटणी खरी आहे. समजा, जानेवारी १९१९ची ही नोंद :

‘खातेदार रामा बिन येसू हा सुमारे दोन महिन्यांपूर्वी मयत. वारस मुलगे : लक्ष्मण वय २२, बाळा वय १४, नागू वय ९. विधवा गंगाबाई हयात. मुलगी एक, लग्न होऊन नांदते. सबब थोरला मुलगा लक्ष्मण याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल करावे. नोटीस बजावली, हरकत नाही. मंजूर.’

या पाच-सात ओळींत काय काय आहे ते पाहा. ‘बिन’ म्हणजे मुलगा. तेव्हा रामाचा बाप येसू, ही पिढी मिळाली. मुलांची वयं दिली आहेत, त्यावरून त्यांची जन्मसालं १८९७, १९०५ आणि १९१०च्या आसपास येतात. थोरल्या आणि मधल्यात आठ वर्षांचं अंतर आहे. मध्ये काही मुलं गेली असावीत किंवा लक्ष्मणची आई वेगळी असावी, हा पुढे तपासायचा मुद्दा. मृत्यू नोव्हेंबर १९१८चा, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीतला. त्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं दगावली. फेरफाराच्या वहीत १९१८च्या अखेरीपासून वारस नोंदींची रांग लागलेली दिसली, तर नवल वाटू नये.

सगळ्यात महत्त्वाची अक्षरं तीन : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही ठिकाणी ए.कु.क., एकत्र कुटुंब कर्ता, असंही लिहिलेलं असतं. याचा परिणाम असा की पुढच्या उताऱ्यावर एकटा लक्ष्मण दिसतो. बाळा आणि नागू यांचा मालकी हक्क कायम असतो, पण उतारा त्यांचं नाव सांगत नाही. तीस वर्षांनी लक्ष्मण वारला आणि नुसत्या त्याच्याच मुलांची नावं लागली, तर बाळा आणि नागू यांच्या शाखा कागदावरून पुसल्या जातात. बेळगावच्या दिवाणी कोर्टात भाऊबंदकीचे जे दावे पिढ्यानपिढ्या चालले, त्यांतल्या कित्येकांचं मूळ या तीन अक्षरांत आहे. शोधकाला मात्र अशा दाव्याचा फायदाच होतो. वाटपाच्या दाव्याच्या अर्जात वंशावळ जोडावीच लागते, आणि ती खोटी असेल तर समोरचा पक्ष लगेच खोडून काढतो. दोन्ही बाजूंनी मान्य केलेली वंशावळ हा फार भरवशाचा पुरावा.

वारस अज्ञान असेल, तर ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं येतात, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. इथे बहुधा आईचं नाव असतं. जी बाई दुसऱ्या कुठल्याच कागदावर आली नाही, ती मुलं लहान असताना नवरा गेला म्हणून या एका नोंदीत सापडते.

वाटणी, वर्दी आणि चतुःसीमा

भाऊ वेगळे झाले की वाटणी होते. येळ्ळूरकडे ती कित्येकदा पंचांसमोर तोंडी व्हायची, आणि मग सगळे भाऊ मिळून गाव कामगाराकडे वर्दी द्यायचे. त्या वर्दीवरून फेरफार होई. वर्दीचा मूळ कागद मिळाला, तर त्यावर सगळ्या भावांच्या सह्या किंवा अंगठे एकाच पानावर असतात. एवढं नेमकं भावंडांचं टिपण दुसरीकडे मिळत नाही. रजिस्टर वाटणीपत्र असेल तर त्यात घराचे सोपे, बैल, विहिरीच्या पाण्याची पाळी, आईच्या पोटगीचा तुकडा, धाकट्या बहिणीच्या लग्नखर्चाची तजवीज असं सगळं येतं. अमेरिकन मृत्युपत्राची खरी जोडी लागते ती या कागदाशी.

खरेदीखत आणि गहाणखत वाचताना लोक रक्कम बघतात. शोधकाने आधी चतुःसीमा वाचावी. पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस तमक्याचं, पश्चिमेस नाला. एका शेताचे वाटे पडून पट्टे झालेले असतात. म्हणून लगतच्या पट्ट्याचा धनी त्याच आडनावाचा निघाला, तर तो पणजोबांचा सख्खा किंवा चुलत भाऊ असण्याची शक्यता मोठी. साक्षीदारही तसेच, बहुधा मेहुणा, व्याही, मामा. ज्या घरच्या सोयरिकीचा पत्ता लागत नाही, तिथे साक्षीदारांची गावं बघावीत.

ही खतं सबरजिस्ट्रार कचेरीत असतात. नोंदणीचा देशव्यापी कायदा पहिल्यांदा १८६४ साली झाला, आणि आजचा कायदा १९०८चा आहे. शंभर रुपयांवरच्या स्थावराचं खरेदीखत नोंदवणं सक्तीचं. कचेरीत खतं वेगवेगळ्या पुस्तकांत नोंदली जातात. पहिल्या पुस्तकात स्थावराची खतं, तिसऱ्या पुस्तकात मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याची अधिकारपत्रं, पाचव्या पुस्तकात पाकिटबंद ठेवायला दिलेल्या मृत्युपत्रांची नोंद. नावावरून शोधायला एक सूची, मिळकतीवरून शोधायला दुसरी. पहिल्या पुस्तकाची तपासणी आणि नक्कल अर्ज करून कोणालाही मिळते. मृत्युपत्राबाबत कायद्याने एक दार मुद्दाम उघडं ठेवलं आहे : करणारा हयात असेतो नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, पण त्याच्या मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही ती देता येते. घरात कोणी वकील, शिक्षक किंवा दुकानदार होऊन गेला असेल, तर तिसऱ्या पुस्तकाची सूची जरूर तपासून घ्यावी. मात्र मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. सूचीत नाव नाही म्हणजे मृत्युपत्र नव्हतं, असा अर्थ निघत नाही.

दत्तकपत्राची चौकशी न विसरता करावी. दत्तक गेलेल्या मुलाच्या नावापुढचं बापाचं नाव बदलतं, कधी आडनाव बदलतं, कधी गावही. वर चढणारी साखळी अचानक तुटली आणि त्याच वयाचा माणूस दुसऱ्या घरात उगवला, तर दत्तकाचा संशय घ्यावा.

कागदात नसलेली माणसं

हे दप्तर न्यायी नाही. ते ज्याच्याकडे जमीन त्याला ओळखतं. पाटील, कुलकर्णी, इनामदार यांच्या वंशावळी सरकारनेच मागून घेतल्या. दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी १८४३ पासून सुरू झाली, १८५२ साली तिचा कायदा झाला, आणि इनाम टिकवायचं तर मूळ इनामदारापासून आपल्यापर्यंतचा कुर्सीनामा, म्हणजे वंशावळ, दाखवणं भाग पडलं. त्यामुळे या घराण्यांना सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत जाता येतं.

दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ मात्र मालकाच्या रकान्यात नसतं. त्याचं नाव पीकपाहणीत, कसणाऱ्याच्या रकान्यात बघायचं. कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून सुधारित भूसुधारणा कायदा लागू झाला आणि कुळांनी ‘सात नंबर फॉर्म’ भरून भून्याय मंडळाकडे जमिनी मागितल्या. त्या फायलींत कुळाचा जबाब असतो : ही जमीन माझा आजा कसत होता, मग बाप, आता मी. ज्यांच्या घरात एकही जुनं खत नाही, त्यांच्यासाठी ही फाईल म्हणजेच घराण्याचा पहिला लिखित इतिहास. महार वतन आणि इतर गावकामगार वतनांची तीच गोष्ट. कर्नाटकात वतनं रद्द करण्याचा कायदा १९६१चा. त्यानंतर जमीन फेर मिळवण्यासाठी झालेल्या प्रकरणांत वतनदार कुटुंबांच्या वंशावळी आहेत. भूमिहीनांसाठी उरतात गावची जन्म-मृत्यू नोंदवही आणि मराठी शाळेचं जनरल रजिस्टर.

आणि बायका. वर दिलेल्या नमुन्यात मुलगी ‘एक’ आहे, तिला नाव नाही. ‘लग्न होऊन नांदते’ एवढ्यात तिचा निकाल लागतो. अमेरिकेत नवऱ्याने जमीन विकली तर बायकोला तिचा हक्क सोडल्याचं वेगळं लिहून द्यावं लागे, त्यामुळे तिथे खतांत बायकोचं नाव राहिलं. आपल्याकडे बाई कागदावर येते ती विधवा म्हणून, ‘गंगाबाई कोम रामा’ अशी. म्हणजे रामाची बायको. १९३७च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यात मर्यादित हक्क मिळाला आणि नोंदींत विधवांची संख्या वाढली. १९५६ नंतर मुलींची नावं वारसांत येऊ लागली. १९९४ साली कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. बहिणींची हक्कसोडपत्रंही त्यामुळेच वाढली. भावाने आठवणीने बहिणीला कचेरीत नेलं ते सही घेण्यासाठी, पण त्या निमित्ताने तिचं पूर्ण नाव, सासरचं आडनाव आणि गाव कागदावर कायमचं आलं.

मोजणीच्या पलीकडे

१९१० आणि पहिली मोजणी यांमधला काळ अवघड आहे. तिथे फेरफार नाहीत. मोजणीच्या वेळचे आकारबंद, टिपण, फैसलपत्रक असे कागद भूमापन खात्यात असतात. टिपणावर शेताचा हातकच्चा नकाशा असतो, मापं साखळी आणि आण्यांत. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. फैसलपत्रकात त्या वेळच्या खातेदाराचं नाव मिळू शकतं. १९१०चा आपला माणूस आणि मोजणीचा खातेदार यांच्यात एखादं नाव कमी पडत असेल, तर ते खरेदीखतातल्या ‘ही जमीन माझे वडिलांनी…’ अशा वाक्यांतून भरून काढायचं.

इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला १८१८ साली. त्यामागचे कागद मोडीत, आणि तारखा वेगळ्याच. शक असेल तर ७८ मिळवा, दख्खनी फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९. महिन्याप्रमाणे एखाद्या वर्षाचा फरक पडतो. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात : ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७३, म्हणजेच इसवी १७७२-७३. अशा कागदांच्या शेवटी सह्यांऐवजी निशाण्या दिसतात. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी.

हे कागद कुठे शोधायचे, ते त्या काळी गाव कोणाकडे होतं यावर ठरतं. बेळगावला खेटून असलेलं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. रायबाग कोल्हापूर संस्थानात. निपाणी निपाणकर देसायांच्या जहागिरीत. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, आज कोल्हापुरात आहे. म्हणजे आजोबांची जमीन येळ्ळूरला आणि आजीचं माहेर चंदगडला असेल, तर एकाच घराण्याचे कागद दोन राज्यांच्या कचेऱ्यांत, दोन भाषांत पडलेले असतात. पेशवाईचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्याच्या पुरालेखागारात आहेत, संस्थानी दप्तराचा मोठा भाग कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात.

कागदाबरोबर एक चालतीबोलती वहीही या भागात आहे : हेळवी. बैलावर बसून दारात येणारा हेळवी यजमानाच्या घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतो, मूळ गाव सांगतो, नवीन जन्मलेल्या मुलांची नावं लिहून घेतो आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावी जातो. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्याही तशाच. हरिद्वारच्या अशा वह्यांच्या सूक्ष्मफिती अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने करून घेतल्या, यावरून त्यांची किंमत कळावी. हेळवी नावांची उतरण सांगतो, पण साल सांगत नाही. कागद साल सांगतो, पण मूळ गाव सांगत नाही. दोन्ही एकमेकांवर ताडून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नये. मूळपुरुष थेट एखाद्या राजघराण्याला नेऊन भिडवणारी वंशावळ हाती आली, तर मधल्या चार पिढ्यांचे कागद मागावेत.

आता करायचं काय?

महाराष्ट्रात २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि वर्षानुवर्षं न सुटलेले रुमाल सुटले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. सीमाभागात अशी सरकारी घाई नाही, म्हणून इथल्या माणसांनीच हात घालायला हवा. गरज फक्त जातीच्या दाखल्यापुरती नाही. आजही कित्येक उतारे मयत माणसाच्या नावावर आहेत, आणि पौती खातं करायला, म्हणजे मयताच्या जागी वारसाचं नाव लावायला, गेलं की पहिली मागणी वंशवृक्षाची होते. ज्या घराने जुने फेरफार आधीच काढून ठेवले, त्याचं काम लवकर होतं.

घरच्या ट्रंकेतले जुने कागद लॅमिनेट करू नका. त्याने कागद खराब होतो आणि नंतर काही करता येत नाही. फोटो काढून ठेवा, मूळ कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. घरातल्या सगळ्या जमिनींचे सर्व्हे नंबर एका वहीत लिहा, विकलेल्या जमिनींचेही. विकलेल्या शेताचं खत बहुधा जास्त बोलतं. गावात मोडी वाचणारं कोणी म्हातारं माणूस असेल, तर त्याच्याकडे या उन्हाळ्यातच जा.

आणि वंशावळ लिहायला बसलात की मुलांच्या बरोबरीने मुलींची नावं लिहा, सासरच्या गावासकट. आत्या, पणजी, पणजीची आई, जेवढ्या आठवतील तेवढ्या. सारा वसूल करणाऱ्याला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं, म्हणून दप्तराने त्यांना गाळलं. तुमच्या वहीत त्यांना गाळायला तसं कुठलंच कारण नाही.